नानामामा, उल्का आणि तबकड्या

परवा रात्री ब्रह्मपुरीहून नानामामांचा फोन आला. आधी सगळ्यांची खुशाली झाली, मग पाऊस, मग धानाची रोवणी, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "भाच्या, तो अमेरिकेतला व्हिडिओ पाठवला होता तुले. पाह्यला काय?"

पाहिला होता. समुद्रावरून सुसाट जाणारा एक ठिपका आणि मागे वैमानिकांचा आरडाओरडा.

"मग? आता काय म्हणते तुझं विज्ञान?"

मी नेहमीप्रमाणे "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. हे "नंतर बोलू" आमच्यात काही वर्षं चालू आहे, आणि आता माझं मलाच कसंतरी व्हायला लागलंय. म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकतो. मामा हे वाचतील (त्यांची नात त्यांना मोठ्या अक्षरांत काढून देते). आणि मामांच्या पाठीमागे त्यांना "तबकडीमामा" म्हणणारी आमची पुण्याची मंडळीही वाचतील. दोन्ही पक्षांनी रागवायला हरकत नाही. मला दोघांशीही भांडायचंय.

भांडणाची सुरुवात झाली २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. पावणेआठचा सुमार. मामा गच्चीवर शतपावली करत होते आणि आकाशातून जळत्या दिव्यांची एक रांग गेली. मला लगेच फोन. "एकामागे एक दिवे, सरळ रेषेत. आवाज नाही, घाई नाही. आरामात जाऊन राहिलं होतं. मी तीस वर्षं एस.टी. चालवली, रात्रीचं आभाळ मले शिकवू नको. हे कुणाचं तरी यान होतं."

मी पुण्यात सोफ्यावर बसलेलो. खिडकीबाहेरही न बघता म्हणालो, "मामा, उल्का असेल हो." आणि हसलो. फोन स्पीकरवर होता, आणखी दोघं हसले. ते मामांना ऐकू गेलं.

पुढे काय झालं ते बातम्यांत आलंच. ते दिवे विदर्भातच नव्हे, उत्तर महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही लोकांनी पाहिले होते. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. सिंदेवाही म्हणजे मामांच्या घरापासून शेजारचाच तालुका. नंतर इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. उपग्रहांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात परत शिरतोय.

म्हणजे बघा. उल्का नव्हतीच. उल्का सेकंदाला कमीत कमी अकरा किलोमीटर वेगानं येते, पुष्कळदा त्याच्या कितीतरी पट. बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. कक्षेतून खाली येणारं रॉकेट सेकंदाला आठेक किलोमीटरनं, जवळजवळ आडवं येतं, वाटेत तुटतं, आणि त्याचे तुकडे एकाच वाटेनं एकामागे एक जळत जातात. रांग, सरळ रेष, सावकाश चाल, आवाज नाही: मामांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. आणि ते "कुणाचं तरी" होतं हेही बरोबरच. चूक होती ती माझी. मी "उल्का" म्हणालो तेव्हा मी काहीही तपासलं नव्हतं. ते विज्ञान नव्हतं, हुशारीची सवय होती.

याबद्दल मी मामांना कधी काही बोललो नाही. त्यांनी मात्र त्यातून एक निष्कर्ष काढला आणि तो आता त्यांच्या हातातलं हत्यार झालाय. कुठलीही तबकडीची गोष्ट निघाली आणि मी तोंड उघडलं की म्हणतात, "तू तवाही हसला होतास."

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. कारण हा युक्तिवाद मला चुकीचा वाटत असला तरी मूर्खपणाचा वाटत नाही.

आता आधी आमच्या, म्हणजे शंका घेणाऱ्यांच्या, बाजूचं बघू. आमची ही सवय जुनी आहे. मार्च १९६६ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात डेक्स्टर आणि हिल्सडेल या गावांजवळ लोकांना विचित्र दिवे दिसले. पाहणाऱ्यांत पोलीस होते, कॉलेजच्या मुली होत्या. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक तिथे गेले आणि काही दिवसांत पत्रकार परिषद घेऊन म्हणाले, हा दलदलीतला वायू असू शकतो. कदाचित काही दिव्यांच्या बाबतीत ते बरोबरही असेल. पण लोकांना त्यातून एकच ऐकू आलं: "तुम्ही खेडवळ, तुम्हाला काय कळतं." देशभर टिंगल झाली, आणि ती झाली हायनेक यांची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तेव्हा मिशिगनचे खासदार होते, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली.

त्याच वर्षी हवाई दलानं कोलोराडो विद्यापीठाला पैसे देऊन अभ्यास करवला. प्रमुख होते एडवर्ड काँडन, मोठे भौतिकशास्त्रज्ञ. पण कामाला सुरुवात होण्याआधीच प्रकल्पाच्या समन्वयकानं एक टिपण लिहिलं होतं. त्याचा मथितार्थ असा की अभ्यास बाहेरच्यांना निःपक्षपाती वाटला पाहिजे, पण वैज्ञानिकांना मात्र कळलं पाहिजे की यातून काही निघेल अशी आमची अपेक्षा नाही. १९६८ मध्ये ते टिपण बाहेर फुटलं. मग काय! "सगळं आधीच ठरलेलं होतं" असं म्हणणाऱ्यांना आयतंच कोलीत मिळालं. आता गंमत अशी की त्या अहवालात उत्तम काम आहे, पुढे त्यातलंच एक उदाहरण देणार आहे. पण विश्वास एकदा उडाला की चांगलं कामही कुणी वाचत नाही.

म्हणून आमच्या पुण्याच्या मंडळींना माझं सांगणं: न बघता दिलेलं स्पष्टीकरण ही शंका नव्हे, ती श्रद्धाच आहे. देव बदललाय इतकंच. "काहीतरी साधंच असणार" हे वाक्य पैजेसाठी ठीक आहे (आणि मी तीच पैज लावीन), पण पैज म्हणजे तपास नाही. समोरच्यानं काय पाहिलं, कधी, कुठल्या दिशेला, किती वेळ, हे विचारायच्या आधी ज्याच्या तोंडून "शुक्र असेल" निघतं, त्यानं स्वतःला विवेकवादी म्हणवून घेऊ नये.

झालं. आता मामा, तुमच्याकडे वळतो. तुमचे मुद्दे मी पाठ केलेत, एकेक घेतो.

पहिला: "इतक्या लोकांना दिसलं, सगळे खोटं बोलतात काय?"

नाही. जवळजवळ कुणीच खोटं बोलत नाही, हे मी शपथेवर लिहून देतो. पण तुमच्या गुढीपाडव्यासारखीच एक रात्र अमेरिकेत होऊन गेली आहे, ३ मार्च १९६८ ची. सोव्हिएत झोंड ४ च्या उड्डाणातले अवशेष वातावरणात जळत गेले आणि कित्येक राज्यांतल्या लोकांनी ते पाहिले. कोलोराडोच्या अभ्यासकांनी त्या साक्षी गोळा करून तपासल्या. पुष्कळांनी तुमच्यासारखंच सांगितलं: जळते तुकडे, रांगेत, आवाज नाही. पण काहींनी सांगितलं की चिरुटाच्या आकाराचं एक लांबलचक यान होतं आणि त्याला ओळीनं उजेड असलेल्या खिडक्या होत्या. काहींच्या मते ते अगदी खालून गेलं. खरं तर ते शंभरेक किलोमीटर उंचीवर होतं.

ही माणसं खोटारडी नव्हती. डोळ्यांनी ठिपके पाहिले, मनानं ठिपक्यांच्या मधला अंधार भरून काढला. ओळीनं दिवे म्हणजे खिडक्या, खिडक्या म्हणजे भिंत, भिंत म्हणजे यान. आपण सगळे असेच पाहतो, त्याशिवाय धुक्यात एस.टी. चालवताच आली नसती. तुमचं मोठेपण असं की त्या रात्री तुम्ही "खिडक्या" म्हणाला नाहीत. "दिवे" म्हणालात. जे दिसलं तेवढंच. "यान" हा शब्द मात्र तुम्ही पाहिला नव्हता, तो तुम्ही लावला. तो नशिबानं जमला.

आणि "जगभर सगळ्यांना तबकडीच कशी दिसते" हाही तुमचा लाडका प्रश्न. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू उडताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती कशी टप्पे खात जाते, तशा त्या जात होत्या, असं त्यानं सांगितलं. म्हणजे बशी ही उपमा चालीची होती, आकाराची नव्हे. वर्तमानपत्रांनी मथळा केला "उडत्या बशा". आणि मग लोकांना बशा दिसायला लागल्या! परग्रहावरच्या कारागिरांनी वार्ताहराची चूक वाचून यानांचा आकार बदलला असेल का? मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा: "साधी माणसं चुकतील, पण फौजी? पायलट?"

याला उत्तर आपल्याच देशात आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये चीनच्या सीमेवर आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या. संशय चिनी हेरगिरीच्या ड्रोनचा. जवान प्रशिक्षित, डोळ्यांत तेल घालून बसलेले, आणि जिवाशी गाठ असलेले. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांची मदत घेतली. त्यांनी मोजमाप करून सांगितलं: एक शुक्र, एक गुरू.

कुणी हसू नका. तिथली हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह कधी पाहिले नसतील इतके तेजस्वी दिसतात, आणि समोर खराखुरा शत्रू आहे. ज्याची भीती असते तेच दिसतं. जवानांनी नोंदी ठेवल्या आणि शास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन तपासलं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं, म्हणून उत्तर सापडलं. मी सोफ्यावरून "उल्का" म्हणालो त्याच्याशी याची तुलना करा म्हणजे मला लाज का वाटते ते कळेल.

आणि मामा, हे तुम्हीच मला शिकवलंय हो. मी लहान असताना तुमच्या गाडीत इंजिनाच्या बॉनेटवर बसून नागभीडकडे जात होतो. समोर लांब सरळ रस्ता, अंधार, आणि एकच दिवा. मी विचारलं, "मामा, मोटरसायकल आहे का?" तुम्ही म्हणालात, "एक दिवा दिसला तर अंतर सांगता येत नाही बाबा. जवळची लूना असेल, नाही तर दूरचा एक डोळा फुटलेला ट्रक. ट्रक समजूनच चालवायचं." अंधारातल्या एकट्या दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. अंतर कळलं नाही तर आकार कळत नाही, आणि वेगही कळत नाही. "एवढं मोठं होतं, इतक्या वेगानं गेलं" असं म्हणणारा प्रत्येक साक्षीदार आधी अंतराचा अंदाज मनाशी धरतो आणि मग बाकीचं त्यावर रचतो. पायलट झाला म्हणून त्याच्या डोळ्यांना वेगळा नियम लागत नाही.

तिसरा मुद्दा: "डोळा चुकतो, कॅमेरा कसा चुकेल?" म्हणजे परवाचा तुमचा व्हिडिओ.

तो जानेवारी २०१५ मधला आहे, अमेरिकन नौदलाच्या लढाऊ विमानातून घेतलेला. एप्रिल २०२० मध्ये त्यांच्या संरक्षण खात्यानं तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला, तेव्हा तो खराच आहे. ठिपका लाटांवरून भन्नाट वेगानं जातोय असं वाटतं. पण पडद्याच्या कडेला आकडे आहेत: विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, ठिपक्यापर्यंतचं अंतर. नासाच्या अभ्यासगटानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात तेच आकडे घेऊन शाळेतल्या त्रिकोणमितीनं हिशेब मांडला. ठिपका पाण्याजवळ नव्हताच, सुमारे १३ हजार फुटांवर होता, आणि त्याचा सरासरी वेग निघाला ताशी ४० मैलांच्या आसपास. त्या उंचीवर वाराच तेवढा असतो.

मग सुसाट का दिसतो? तुमच्या गाडीच्या खिडकीतून बघा ना. दूरचा डोंगर जागेवर उभा असतो आणि मधलं बाभळीचं झाड त्याच्यापुढून पळत जातं. पळते गाडी, झाड नाही. इथे गाडीच्या जागी लढाऊ विमान, डोंगराच्या जागी समुद्र आणि बाभळीच्या जागी तो ठिपका. कॅमेरा चुकला नाही, कॅमेऱ्यानं काय सांगितलं ते आपण चुकीचं वाचलं. ठिपका कशाचा होता? नक्की माहीत नाही. पण ज्याच्यासाठी आपण तो व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतो, तो वेगच त्यात नाही.

चौथा मुद्दा, आणि हा तुमचा सगळ्यात जोरदार: "सगळी प्रकरणं तर सुटली नाहीत ना!"

खरंय, नाही सुटली. अमेरिकन हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यातल्या ७०१ "अनोळखी" म्हणून राहिल्या. साधारण साडेपाच टक्के. अगदी अलीकडे, जून २०२१ च्या त्यांच्या सरकारी अहवालात १४४ घटना होत्या आणि खात्रीनं उलगडली फक्त एक. हवा जात चाललेला मोठा फुगा निघाला तो.

आता एक सांगा. ब्रह्मपुरीच्या पोलीस ठाण्यात वर्षाला शंभर चोऱ्यांची नोंद झाली आणि पाच सुटल्या नाहीत. त्या पाच चोऱ्या भुतानं केल्या का? जमादार म्हणेल, साक्षीदार नीट नव्हता, ठसे पुसले गेले, तक्रार उशिरा आली. न सुटलेली चोरी आपल्याला तपासाबद्दल सांगते, चोराबद्दल काहीच सांगत नाही. "अनोळखी" या शब्दाचा अर्थ "आम्हाला कळलं नाही" एवढाच. तुम्ही त्या शब्दापाशी थांबत नाही. "काय होतं ते कुणालाच माहीत नाही" म्हणता, आणि पुढच्याच श्वासात "म्हणजे परग्रहावरचं होतं" म्हणता. अहो, आत्ताच तर माहीत नाही म्हणालात!

माझं खरं भांडण इथे आहे. आमची बाजू "माहीत नाही" म्हणायला लाजते, म्हणून घाईनं उल्का आणि दलदल आणते. तुमची बाजू "माहीत नाही" सहन करू शकत नाही, म्हणून घाईनं यान आणते. दोघांनाही ती रिकामी जागा बघवत नाही. भरणं वेगळं, घाई एकच.

पाचवा मुद्दा: "सरकार लपवते."

लपवतंच! यावर आपलं एकमत. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला एका कुरणावर काही अवशेष सापडले. ८ जुलैला तिथल्या हवाई तळानंच पत्रक काढलं की उडती तबकडी हाती लागली आहे, आणि लगेच वरून खुलासा आला की हवामानाचा फुगा आहे. हा खुलासाही अर्धवटच होता. १९९४ मध्ये हवाई दलानं कबूल केलं की ते बहुधा "मोगल" या गुप्त प्रकल्पातलं सामान होतं. सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी फुग्यांच्या माळा लावून उपकरणं वर सोडली जात होती. म्हणजे सरकारनं लपवलं, आणि लपवलेली गोष्ट फुगाच होता! लपवाछपवी सिद्ध झाली म्हणून आपल्या मनातलीच वस्तू लपवली होती असं होत नाही. कपाटाला कुलूप आहे एवढ्यावरून आत काय आहे ते कळत नाही.

जुलै २०२३ मध्ये त्यांच्या संसदेपुढे डेव्हिड ग्रश नावाच्या माजी गुप्तचर अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की सरकारजवळ परकी यानं आहेत. तुम्ही ते मला तीनदा पाठवलंत. पण त्यानं ती स्वतः पाहिली नव्हती, इतरांनी त्याला सांगितलं होतं. शपथ घेतली तरी सांगोवांगी ती सांगोवांगीच. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या तपास कार्यालयानं जुनी कागदपत्रं चाळून सांगितलं की परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नाही. तुम्ही म्हणाल, चोरालाच विचारलं. ठीक. मग त्यांचं ऐकू नका. पण मग कुलपाआड काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही, एवढंच उरतं. पुन्हा तीच रिकामी जागा.

आता कुणी म्हणेल, तुझा आकाशातल्या जीवसृष्टीवरच विश्वास नाही. तसं मुळीच नाही. आणि विश्वास असणं हा दोषही नाही. यासाठी आपल्याच एका माणसाचं उदाहरण देतो.

जयंत नारळीकर. (२० मे २०२५ ला गेले. आमच्या पिढीतल्या कित्येकांना मराठीतून आकाश त्यांनीच दाखवलं.) फ्रेड हॉइल यांच्या या शिष्याला, पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव अंतराळातून आले असावेत ही कल्पना दाराबाहेर उभी करण्यासारखी वाटत नव्हती. हॉइल यांचं तर ते आवडतं मत. मग नारळीकरांनी काय केलं? इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून फुगे सोडले. हो मामा, फुगेच! २००१ मध्ये एकदा आणि एप्रिल २००५ मध्ये पुन्हा. निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून २० ते ४१ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवल्या, तिथली हवा भरून खाली आणली. दुसऱ्या वेळचे नमुने हैदराबाद आणि पुणे अशा दोन प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे तपासायला दिले. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. त्यातल्या जिवाणूंच्या तीन जाती आधी कुणाला माहीत नव्हत्या. एकीला हॉइल यांचं नाव दिलं.

किती मोह झाला असेल! चाळीस किलोमीटरवरची हवा, जगाला नवे असलेले जीव, आणि गुरूचं आयुष्यभराचं म्हणणं. मार्च २००९ मध्ये इस्रोनं निकाल जाहीर केला तेव्हा स्पष्ट लिहिलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढचं काम करायला उत्साह येतो, इतकंच.

याला मी मान म्हणतो. श्रद्धेचाही आणि शंकेचाही. ज्यावर मन जडलंय त्यालाच सगळ्यात कडक परीक्षेला बसवायचं, आणि पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. कार्ल सेगन असाच. परग्रहांवर जीवसृष्टी असेल असं मानणारा, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर परक्यांसाठी तबकडी पाठवणारा (ही मात्र खरोखरीची तबकडी, सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका). पण ते इथे येऊन जातात याला पुरावा नाही, हे आयुष्यभर सांगत राहिला. आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्यानं थॉर्न्टन पेजबरोबर बॉस्टनला वैज्ञानिकांच्या अधिवेशनात दोन्ही बाजूंना बोलवून परिसंवाद घेतला. काँडन यांचा त्याला विरोध होता. सेगनचं मत होतं की शंका असेल तर ऐकून घेऊन मांडायची.

लाडबोरीचं कोडं सुटलं ते कशामुळे? मामांच्या श्रद्धेमुळे नाही आणि माझ्या हसण्यामुळे तर नाहीच. एक कडं जमिनीवर पडलं, गावकऱ्यांनी ते दाखवलं, आणि आकाशात कुठलं भंगार कधी फिरतंय याचा हिशेब कुणीतरी मुकाट्यानं ठेवला होता. वस्तू आणि नोंद. १९४७ पासून इतकी वर्षं झाली, इतक्या तबकड्या येऊन गेल्या म्हणतात, आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवता येईल, दोन अनोळखी माणसांना तपासता येईल असं एक कडं अजून कुठल्याही यानातून पडलेलं नाही. पडेल त्या दिवशी मी स्वतः ब्रह्मपुरीला पेढे घेऊन येईन. तोवर माझं उत्तर नाही असंच आहे.

तर मामा, एक करार करू. तुम्हाला गाडीच्या लॉगशीटची सवय आहेच. एक वही घ्या. आकाशात काही दिसलं तर कुणाशीही बोलायच्या आधी, मला फोन करायच्याही आधी, लिहा: वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर (हात लांब करून एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश), किती वेळ दिसलं, आवाज होता का. "यान" हा शब्द लिहायचा नाही. माझ्या बाजूनं मी कबूल करतो की तुमची नोंद पाहून, त्या वेळचं आकाश तपासल्याशिवाय मी "उल्का", "शुक्र" वगैरे काही बोलणार नाही. आणि जे तुम्हालाही कळलं नाही, मलाही कळलं नाही, त्याच्यापुढे "माहीत नाही" असं लिहून दोघांनी खाली सही करायची.

आणि एक राहिलंच. हे फोनवर बोलायला हवं होतं, पण जमलं नाही. सगळ्यांदेखत हसलो होतो, म्हणून सगळ्यांदेखतच लिहितो.

मामा, चुकलं माझं. ती उल्का नव्हती.